प्रवराकाठची पांढर : मृतांचे अन्न आणि जिवंतांचे दान

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात बेलापूर हे प्रवरेच्या काठी वसलेले जुने गाव आहे. श्रीरामपूर शहराच्या रेल्वे स्थानकाला आजही बेलापूर हेच नाव आहे, यावरून या गावाचे एके काळचे महत्त्व ध्यानात यावे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा संगमनेर, बेलापूर, नेवासे असा प्रवास करीत टोक्याजवळ गोदावरीस मिळते. या एवढ्याशा नदीच्या काठावरील तीन स्थळांनी महाराष्ट्राच्या आद्य इतिहासाची मांडणीच बदलून टाकली. संगमनेरजवळचे जोर्वे, बेलापूरच्या खालच्या अंगाला असलेले दायमाबाद आणि ज्ञानेश्वरीमुळे सर्वांना ठाऊक असलेले नेवासे, ही ती तीन स्थळे होत. प्रस्तुत लेखकास पालीच्या अभ्यासाच्या निमित्ताने गोदावरीच्या खोऱ्यात वरचेवर हिंडावे लागते. बेलापूरच्या परिसरात जाणे झाले ते मात्र मातीत पुरलेल्या माणसांविषयीच्या कुतूहलापोटी. तेथे जे पाहिले त्याचा आपल्या आजच्या एका प्रश्नाशी संबंध आहे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

आपल्याकडे खेड्याची जमीन दोन नावांनी ओळखली जाते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. वस्तीची माती पांढरट होते ती चुलीतील राख, शेण, चुना आणि पिढ्यानपिढ्यांच्या पडलेल्या भिंती यांमुळे. गाव उठून गेले तरी पांढर राहते, आणि तिचे टेकाड होते. खेडूत या टेकाडाची माती गाडीत भरून नेतो, धाब्यावर पसरतो, शेतात टाकतो. पुरातत्त्वज्ञांनी महाराष्ट्रातील अनेक प्राचीन स्थळे शोधली ती याच पांढरीच्या खुणेवरून. दायमाबाद हे असेच प्रवरेच्या डाव्या तीरावरील ओसाड गाव आहे. पावसाळ्यानंतर टेकाडावर उभे राहिले, की पायांखाली लाल खापऱ्या दिसतात. त्यांवर काळ्या रंगात काढलेल्या रेघा तीन हजार वर्षांनंतरही पुसलेल्या नाहीत. चांगल्या भाजलेल्या जोर्वे खापरीवर बोटाने टिचकी मारली असता धातूसारखा नाद येतो, हे पुस्तकात वाचलेले वाक्य तेथे कानाने पडताळून पाहता येते.

या स्थळाचा शोध १९५८ साली बी. पी. बोपर्डीकर यांनी लावला. १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांनी, १९७४ मध्ये एस. आर. राव यांनी आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे येथे उत्खनन केले. साळी यांचा अहवाल १९८६ साली प्रसिद्ध झाला. दायमाबादचे नाव जगभर गेले ते १९७४ साली सापडलेल्या चार काशाच्या शिल्पांमुळे. दोन बैल जुंपलेला व सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ही शिल्पे आहेत. ती उत्खननात सापडलेली नाहीत. छबू लक्ष्मण भिल्ल या माणसाला झुडुपाचे मूळ खणताना ती मिळाली. शिल्पांच्या काळाविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाला. तो येथे उकरण्याचे कारण नाही. ज्याच्या कुदळीने हा ठेवा उजेडात आला त्याचे नाव अभ्यासग्रंथांतून नोंदले गेले आहे एवढे मात्र सांगितले पाहिजे, कारण आपल्या देशात हे नेहमी घडते असे नाही.

आमचे लक्ष मात्र रथापेक्षा रांजणांकडे होते.

दायमाबाद येथे एकावर एक अशा पाच संस्कृतींचे थर मिळाले. सर्वांत खाली सावळदा संस्कृती, तिच्यावर उत्तर हडप्पा, मग दायमाबाद, माळवा आणि शेवटी इ. स. पू. १४०० ते १००० या काळातील जोर्वे संस्कृती. उत्तर हडप्पा थरात वस्तीच्या आतच कच्च्या विटांनी बांधून काढलेल्या खड्ड्यात पुरलेला एक मनुष्य सापडला. त्यानंतरच्या थरात पुरण्याच्या एकाहून अधिक रीती दिसतात. काहींना खड्ड्यात पुरले आहे, काहींचे दहनोत्तर अवशेष कुंभात ठेवले आहेत, आणि काही ठिकाणी देह नसताना केवळ प्रतीकात्मक दफन केलेले आहे. एकाच गावात, एकाच काळात इतक्या रीती नांदत होत्या. ‘दहन हा संस्कार आणि दफन हा असंस्कार’ असे मानणाऱ्यांनी या थराकडे जरूर पाहावे. महार समाजात १९५६ पूर्वी मृतास पुरण्याचीच चाल प्रामुख्याने होती, आणि त्यावरून त्यास हीन लेखले जाई. पुरणे हे या भूमीवर किती जुने आहे, हे प्रवरेच्या मातीने सांगितले आहे.

जोर्वे काळातील दफनांचे चित्र अधिक स्पष्ट आहे. ते नेवाशास, दायमाबादेस आणि पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावी सारखेच दिसते. इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधरा वर्षांच्या आसपास चालविले, म्हणून तेथील माहिती सर्वांत भरघोस आहे. या लोकांनी आपले मृत गावाबाहेर नेले नाहीत. त्यांनी ते घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरले. प्रौढांना उताणे निजवून पुरले असून अनेकांचे पाय घोट्याखाली तोडलेले आहेत. मृताने उठून चालत जाऊ नये, अशी त्यामागे भीती असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मुलांसाठी दोन रांजण आडवे करून तोंडाला तोंड लावीत आणि त्यांत ते लहान शरीर ठेवीत. सापडलेल्या दफनांत बहुसंख्य मुलांचीच आहेत. नेवाशाच्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या भोकात ओवलेल्या दोऱ्याचे अवशेष तांब्याच्या गंजामुळे टिकून राहिले. तांबे त्या काळी दुर्मिळ होते. दगडी पात्यांवर बहुतेक कामे भागविणाऱ्या त्या घराने ते तांबे आपल्या मुलाबरोबर मातीत दिले.

दफनात मृताजवळ भांडी ठेवीत. त्यांत वाडगे असत आणि जोर्वे संस्कृतीची ओळख ठरलेले तोटीचे पात्रही असे. वाडगा अन्नाचा आणि तोटीचे पात्र पाण्याचे किंवा पेयाचे, हे सांगायला विद्वत्ता लागत नाही. म्हणजे मृताला भूक-तहान असते आणि ती घरच्यांनी भागवायची असते, ही समजूत प्रवरेच्या काठी निदान तीन हजार वर्षांपूर्वी रुजलेली होती. पुढे श्राद्ध, पिंड, कावळ्याचा घास हे सारे ज्या शास्त्रांनी आपल्या नावावर लावून घेतले, त्या शास्त्रांची या मुलखात चाहूलही नव्हती तेव्हाची ही गोष्ट आहे.

त्या वाडग्यात काय असेल? डेक्कन कॉलेजचे मुकुंद काजळे यांनी जळालेल्या धान्यांचा आणि पी. के. थॉमस यांनी प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास केला. त्यावरून जोर्वे माणसाचे ताट बरेचसे मांडता येते. जव हे मुख्य धान्य. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा, लाख, वाल, कुळीथ ही धान्ये-कडधान्ये आणि रानची बोरे. नदीतील मासे, शेळ्या-मेंढ्या, हरणे, आणि मोठ्या प्रमाणात गोवंश. गाईबैलांच्या हाडांवर कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा स्पष्ट आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली ‘दि अनटचेबल्स’ या ग्रंथात, गोमांसभक्षण प्राचीन काळी सर्रास होते व ते पुढे अस्पृश्यतेची खूण बनविण्यात आले, असे प्रतिपादन केले. त्यांचा आधार ग्रंथांचा होता. नेवाशाचे उत्खनन त्यानंतर सहा वर्षांनी सुरू झाले. प्रवरा-घोड खोऱ्यांतील चुलींनी त्या प्रतिपादनाच्या पहिल्या भागाला मातीतून साक्ष दिली. दुसरा भाग हाडांवरून सिद्ध होत नाही, त्यासाठी ग्रंथांकडेच वळावे लागते, हेही येथे प्रामाणिकपणे नोंदवितो.

कुळथाला या मुलखात हुलगा म्हणतात. हुलगे भरडून त्यांचे पीठ पाण्यात शिजवून लसूण-जिऱ्याची फोडणी दिली, की माडगे होते. त्याच पिठाच्या वळ्या रश्शात शिजविल्या की शेंगोळे. ही गरिबाच्या घरची, आजाऱ्याला देण्याची, पावसाळ्यातल्या गार दिवसांची खाणी आहेत. बैलाच्या आंबोणातही हुलगाच जातो, म्हणून सधन घरांत त्याला फारशी प्रतिष्ठा नाही. परंतु त्रिपिटकाच्या वाचकाला हुलग्याची ओळख वेगळ्या ठिकाणी होते. मज्झिमनिकायातील महासच्चक सुत्तात भगवान आपल्या दुष्करचर्येचे वर्णन करतात. अन्न पूर्ण न सोडता ते पसाभर घ्यावे असे बोधिसत्त्वाने ठरविले. ते अन्न कोणते, तर मुगाचे कढण, कुळथाचे कढण, वाटाण्याचे कढण. पाली शब्द ‘कुलत्थयूस’ असा आहे. वर्गात हे सुत्त शिकविताना इंग्रजी कोश उघडून ‘हॉर्स ग्राम’ असा अर्थ सांगण्याची आम्हा प्राध्यापकांची रीत आहे. नगर जिल्ह्यातला विद्यार्थी समोर असेल तर ‘माडगे’ एवढे म्हटले की पुरते. देह खंगला असतानाही जे पोटात राहते आणि जे मिळविण्यास कोणाचे मिंधे व्हावे लागत नाही, असे ते अन्न आहे. ते सुत्तात आले याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

येथे एका मोहापासून स्वतःला व वाचकांना सावध करणे अगत्याचे वाटते. अलीकडे अशी कोणतीही प्राचीन वस्ती उजेडात आली, की ती ‘आपल्या’ पूर्वजांची, नागांची किंवा मूळच्या बौद्धांची म्हणून घोषित करण्याची घाई होते. प्रवरेच्या काठी ही घाई टिकत नाही. दायमाबाद इ. स. पू. १००० च्या सुमारास ओसाड पडले. इनामगाव आणखी तीनेकशे वर्षे तग धरून राहिले. तेथे चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती आटली, पशुपालन व शिकार वाढली. हवामान कोरडे होत गेल्याने हे घडले, असे म. के. ढवळीकर यांचे मत आहे. त्या गोल झोपड्या समजून घेण्यासाठी त्यांनी आजच्या फासेपारध्यांच्या झोपड्यांचा अभ्यास केला. नेवाशासही जोर्वे वस्ती उठल्यावर कित्येक शतके तेथे कोणी राहिले नाही. म्हणजे बुद्धाचा धम्म या खोऱ्यात पोहोचला तेव्हा जोर्वे माणसांची घरे केव्हाच मातीखाली गेली होती. त्यांची रक्ताची परंपरा कोणाकडे आली, हे खापऱ्या सांगत नाहीत. पूर्वजांचा अभिमान हे आपले बळ नव्हे. तो ज्यांचा धंदा आहे त्यांच्याशी त्या आखाड्यात उतरण्याचे आपणास प्रयोजन नाही.

धम्म या खोऱ्यात येण्याची आठवण मात्र पाली साहित्याने जपली आहे. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरी हा ब्राह्मण कोसलातून दक्षिणेस येतो आणि अस्सक देशात, अळकाच्या जवळ गोदावरीच्या तीरी राहतो. त्याचे सोळा शिष्य प्रतिष्ठानाहून, म्हणजे आजच्या पैठणहून, माहिष्मती व उज्जयिनीच्या वाटेने भगवंतांच्या भेटीस जातात. प्रवरासंगमापासून गोदेच्या प्रवाहाबरोबर खाली गेले, की पैठणच लागते. या कथेतील एक बारकावा आमच्या विषयाशी जुळतो. बावरीची उपजीविका उंछावर व फळांवर होती, असे गाथा सांगते. उंछ म्हणजे पीक काढून नेल्यावर शेतात पडलेली कणसे-दाणे वेचणे. मराठीत यालाच सरवा वेचणे म्हणतात. मळणीनंतर सरवा वेचणाऱ्या बायका या काठावर अनेकांनी पाहिल्या असतील. ब्राह्मणाने सरवा वेचला तर ते तप ठरले आणि महारणीने वेचला तर ते तिचे दारिद्र्य ठरले, हा भेद धान्याचा नाही.

आता मृतांकडे परत येऊ. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांच्या अंत्यविधीचे वर्णन आहे. देह वस्त्रांत गुंडाळून लोखंडी तैलद्रोणीत ठेवावा, तिच्यावर दुसरी द्रोणी पालथी घालावी, दहनानंतर अस्थींवर चार महामार्गांच्या चौकात स्तूप उभारावा. द्रोणीवर पालथी द्रोणी हे शब्द वाचताना तोंडाला तोंड लावलेले रांजण डोळ्यांसमोर येतात. साम्य मनाला भुरळ घालणारे आहे, पण दोहोंमध्ये कोणताही दुवा दाखविता येत नाही, म्हणून ते येथेच सोडतो. फरक मात्र बोलका आहे. जोर्वे माणसाने आपले मृत आपल्या घरापुरते, आपल्या जमिनीखाली ठेवले. त्याने पाय तोडले, कारण त्याला त्यांची भीती होती. स्तूप चौकात आहे. तेथे येणारा प्रत्येक जण, मग तो कोणत्याही कुळाचा असो, फुले वाहू शकतो. अस्थी कुटुंबाच्या मालकीतून निघून रस्त्यावरच्या सर्वांच्या झाल्या.

अन्नाचेही असेच झाले. खुद्दकपाठातील तिरोकुड्ड सुत्त हे पेतवत्थूतही आले आहे. त्यात मृत नातलग भिंतींबाहेर, चौकांत, दाराच्या चौकटींशी येऊन उभे राहतात, असे चित्र आहे. त्यांच्या लोकात शेती नाही, गोपालन नाही, व्यापार नाही. ते इकडून मिळालेल्यावर जगतात. उंचावर पडलेले पावसाचे पाणी जसे सखल भागाकडे वाहते, तसे येथे दिलेले दान त्यांस पोहोचते. रडणे, शोक करणे यांचा मृतांस काही उपयोग नाही, असे हे सुत्त बजावते. हे दान घरच्या खड्ड्यात किंवा पिंडावर ठेवायचे नसते. ते संघाला, म्हणजे जिवंत माणसांना द्यायचे असते. अंगुत्तरनिकायात जाणुस्सोणि ब्राह्मणाने हाच प्रश्न सरळ विचारला आहे. भगवंतांनी उत्तर दिले, की मनुष्य, देव, पशू किंवा नरक या गतींत गेलेल्यास हे अन्न पोहोचत नाही. ज्याचे त्याचे अन्न त्या त्या गतीत असते. परंतु देणारा कधीच निष्फळ राहत नाही.

आपल्या समाजात मृत्यूनंतर ‘जलदान विधी व पुण्यानुमोदन’ असा कार्यक्रम होतो. तो श्राद्धाचाच नवा अवतार आहे असा आक्षेप आपल्यातीलच विचारवंत घेतात. आत्मा नाकारणाऱ्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ च्या ग्रंथाला प्रमाण मानणाऱ्यांनी हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. श्रीलंका व थायलंडमध्ये हेच तिरोकुड्ड सुत्त म्हणताना तोटीच्या पात्रातून भांड्यात पाणी ओततात. तेव्हा ‘जलदान’ या शब्दाला धम्मातील आधार नाही, असे म्हणता येत नाही. पण आधार असणे वेगळे आणि अर्थ टिकणे वेगळे. मृताला पाणी पाजतो अशा भावनेने ते पाणी ओतले तर आपण जोर्वे माणसाच्या तोटीच्या पात्राकडे परत गेलो. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. त्याला दुसरे काही कोणी सांगितले नव्हते. गावजेवणासाठी कर्ज काढून मृताच्या मुलाला पुढची दोन वर्षे ऊसतोडीला जावे लागत असेल, तर तिरोकुड्ड सुत्तातील पाणी चढाकडे वाहू लागले असे म्हणावे लागेल.

बेलापूरच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जुन्या गावगाड्यात मृत्यू आणि अन्न ही दोन्ही महाराच्या वाट्याला एकाच हाताने येत. मेल्याची बातमी परगावी नेणे, सरणाला लाकडे वाहणे, मेलेले जनावर ओढणे हे त्याचे काम. मोबदला म्हणून बलुते, दारोदार मागितलेली भाकरी आणि त्या जनावराचे मांस. त्याच मांसाच्या चान्या वाळवून ठेवल्या जात. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मृतमांस सोडण्याचा व भाकरी न मागण्याचा निर्धार झाला. १९२८ साली बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. आणि १६ डिसेंबर १९३९ रोजी ते वतनदारांच्या परिषदेसाठी हरेगावला आले. हरेगाव बेलापूरपासून जवळच आहे. तेथील साखर कारखाना बेलापूर कंपनीचा होता. वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या अधिनियमानंतर. मागून आणलेल्या भाकरीची चव कशी होती, हे शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकामुळे आता मराठी वाचकांस घरबसल्या कळू शकते. मराठवाड्याविषयीचे असले तरी त्यातील स्वयंपाकघर नगरच्या माणसाला परके वाटणार नाही.

टेकाड पाहून झाल्यावर जवळच्या एका वस्तीतील बौद्ध कुटुंबात आम्ही जेवलो. त्या घरी काही महिन्यांपूर्वी आजोबांचे निधन झाले होते. पुण्यानुमोदनाला गावजेवण न घालता त्यांनी वस्तीतील शाळकरी मुलांना वह्या दिल्या आणि आलेल्यांना घरचेच जेवण वाढले, असे आजींनी सांगितले. कोणी कोणी नावे ठेवली, तेही सांगितले. बाजरीची भाकरी, जवसाची चटणी आणि शेंगोळे असा बेत होता. वाडग्यातील रस्सा संपला की न विचारता पुन्हा वाढला जाई. तीन हजार वर्षांपूर्वी याच काठावर हुलगा पिकत होता, हे आम्ही सांगितले तेव्हा आजींना त्याचे विशेष वाटले नाही. त्यांना वाटले ते वेगळेच. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालवे आले, आणि त्या पाण्याखाली ऊस उभा राहिला. हुलगा कोरडवाहू रानाचे पीक. आता या पट्ट्यात तो फारसा कोणी पेरीत नाही. त्या दिवशीचे हुलगे त्यांच्या लेकीने पारनेरकडून पाठविले होते.